एका नमुन्यावरून

डबी इतकी लहान होती की नवीनं ती दोन बोटांच्या चिमटीत धरून आणली आणि टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवली. नवी म्हणजे संग्रहालयाच्या कीटक विभागातली दुसरी शास्त्रज्ञ. रुजू होऊन तिला इतकी वर्षं झाली होती की भांगाच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसू लागलं होतं, पण तिच्यामागून कोणाची नेमणूकच झाली नाही, त्यामुळे ती आपली नवीच राहिली. "बघा तर," एवढंच म्हणून ती उभी राहिली. विभागप्रमुख बाईंना सगळं संग्रहालय पाठीमागे टाचणीबाई म्हणे, आणि म्हणतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टाचणीबाईनं कप बाजूला सरकवला, डबी मायक्रोस्कोपखाली घेतली आणि भिंग खाली आणलं. आधी नुसता धूसर काळा ठिपका, मग पंख, मग पंखांखालून बाहेर डोकावणारे लाल-तपकिरी केस. नर आणि मादी. नरानं मादीला मानेशी धरलेलं, आणि धरलेलं असतानाच दोघं अल्कोहोलमध्ये गेलेली. नवी सांगत होती की ऊन चढत असताना नदीकाठी तिनं जाळी फिरवली ती एका उडत्या नरासाठी, आणि आत बघते तर दोघं. तो तिला उचलून घेऊन चालला होता. ऐकता ऐकता टाचणीबाईचा भिंगाच्या चाकावरचा हात थांबला. नर तिला ओळखू आला. मादीही ओळखू आली. दोघांना ती तीसेक वर्षं ओळखत होती, पण ती एकमेकांची आहेत हे तिला माहीत नव्हतं.

मखमली मुंग्या म्हणतात त्यांना, पण त्या मुंग्या नव्हेत. गांधीलमाशीच्या गोतातला हा किडा. मादीला पंख नसतात, ती जमिनीवर तुरुतुरु पळते, अंगभर लव असते आणि डंख असा की बैल उडी मारेल. नराला पंख असतात आणि डंख नसतो. रंग वेगळा, बांधा वेगळा, राहणं-फिरणं वेगळं. शेजारी शेजारी ठेवली तर कोणी शपथेवर सांगेल की यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळे या धंद्यात नराला एक नाव आणि मादीला दुसरं, असं पिढ्यान्पिढ्या होत आलं आहे, आणि जोडी रंगेहाथ सापडल्याशिवाय कोणाला त्याचा पत्ता लागत नाही. नवीनं दोघांची जनुकंही तपासून आणली होती. ती भराभर बोलत होती, आणि तिला आनंद झाला होता, जो होणं साहजिकच होतं. एका प्रजातीला एकच नाव. जुनं नाव राहतं, मागाहून आलेलं बुडतं, म्हणजे त्याच्याखाली बारीक अक्षरांत जाऊन बसतं. इथे पंचाईत अशी होती की दोन्ही नावं एकाच अंकात छापली होती, एकाच तारखेची. अशा वेळी नियम म्हणतो, जो पहिल्यांदा दोघांना एकत्र आणेल त्यानं निवडावं. कारण द्यावं लागत नाही. आणि ती निवड एकदा छापून आली की ब्रह्मदेव आला तरी ती फिरत नाही. "लेख आपल्या दोघींचा आहे मॅडम, पण निवड तुम्हीच करा," नवी म्हणाली. "दोन्ही नावं तुमच्या घरातली. मी कशाला मध्ये पडू? फक्त या आठवड्यात पाठवू या, नाहीतर दुसरं कोणी टपून बसलेलं असायचं." ती गेली आणि तिच्यामागे दार नेहमीसारखं अर्धवटच लागलं.

दोन्ही नावं घरातली, हे खरं होतं. मादीला तिनं स्वतः नाव दिलं होतं, तिच्या आईचं. नराला तिच्या नवऱ्यानं नाव दिलं होतं, आणि ते होतं तिचं, टाचणीबाईचं. आता दोन्हींपैकी एक बुडवायचं. चहा गार झाला होता, तो तिनं तसाच पिऊन टाकला आणि कपाटांच्या खोलीत गेली. तिथे डांबरगोळ्यांचा वास असायचा, बाहेरच्यांना डोकेदुखी करणारा. तिला त्याच्याशिवाय चुकल्यासारखं होई. डावीकडची कपाटं बिनपंखी, उजवीकडची पंखवाली. डावीकडची तिची, उजवीकडची त्याची. तो सोडून गेल्यानंतर पंखवाल्यांचे खण दुसऱ्यांनी उघडले असतील, तिनं कामापुरतेच उघडले. लाल चिठ्ठी खोचलेला मूळ नमुना, ज्याच्या अंगावर नाव कायमचं बांधलेलं असतं, तो तिनं दोन्हीकडून काढला नाही. नुसतं काचेतून पाहिलं. दोन्ही चिठ्ठ्यांवर गाव तेच, नदी तीच, महिना तोच. अक्षर मात्र वेगवेगळं. हे कधी कोणाच्या नजरेला कसं आलं नाही, याचं तिला आश्चर्य वाटायला हवं होतं. तिनं नुसते दोन्ही खण आत ढकलले.

तेव्हा ती आणि नवरा एका लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसत. टेबल घरातच होतं, आतल्या खोलीत, कारण संग्रहालयात तेव्हा नवख्यांना जागा नव्हती. तो पंखवाले बघायचा, ती बिनपंखी. संध्याकाळ झाली की दोघं किडे टोचलेले आपापले पुठ्ठे टेबलाच्या मध्यावर आणत आणि जोड्या लावत. याला ती लग्नं जुळवणं म्हणत. हा नर हिला शोभतो, पाय बघ, कपाळावरचे खड्डे बघ. छे, हिचं गाव दुसरं, ही त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. तो मध्यस्थाचा आवाज काढायचा आणि मादीच्या बाजूनं मागण्या करायचा, ती नराच्या बाजूनं नकार द्यायची. पुष्कळ जोड्या चुकल्या असतील. पण एक शिस्त होती. यातून गेल्याशिवाय कोणत्याही किड्याचं वर्णन छापायला जात नसे. टेबलाच्या मध्यावर लाकूड गुळगुळीत झालं होतं.

आणि मग अबोला. हे दोन्ही नमुने सापडले त्या नदीकाठच्या सफरीहून परत येताना वाटेत तिनं विषय काढला होता. वडील गेल्यावर आई थोरल्या भावाकडे होती, आणि थोरल्या भावाकडे होती म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं: पलंग स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि मुलं झोपल्याशिवाय दिवा विझत नसे. आपण तिला आणू या, ती म्हणाली. तो गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होता. बराच वेळ गेला आणि तो म्हणाला, "एवढ्याशा घरात तिघं मावणार कसे?" बस. इतकंच. तिनं त्या वाक्याकडे पाहिलं आणि तिला सगळा माणूस कळला. तिनं तोंड मिटलं. ती चांगली पक्की होती मिटण्यात. आईकडून आलेलं असावं. तोही कमी नव्हता. आठवडे गेले, महिने गेले. जेवणाची भांडी एकत्र घासली जात होती, पुठ्ठे टेबलाच्या आपापल्या टोकांना राहत होते, आणि मधला गुळगुळीत भाग रिकामा. त्याच दिवसांत तिनं एकदा दारातून पाहिलं की तो मोजपट्टीची टेप घेऊन आतल्या खोलीत टेबल मोजतोय. मग कपाट मोजलं. मग भिंत. कागदाच्या कपट्यावर आकडे लिहिले. आपलं सामान वेगळं करतोय, ट्रकमध्ये काय बसेल ते बघतोय, असं तिला लख्ख समजलं, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा करून उभी राहिली.

त्याच दिवसांत तिनं आपल्या मादीचं वर्णन लिहिलं आणि तिला आईचं नाव दिलं. राग होता त्यात, नाही कसा? पण फक्त राग नव्हता. आईला तिच्या नावानं हाक मारणारं जगात कोणी उरलं नव्हतं. माहेरी ती मधली, सासरी वहिनी, मग काकू, मग आई, मग आजी. वडील तर नुसतं 'ऐकतेस का' म्हणायचे. दवाखान्यात नाव पुकारलं की आई बसूनच राहायची, शेवटी शेजारचा ढोसून सांगायचा. त्या नावाचं काहीतरी कुठेतरी राहावं, पक्कं, लाल चिठ्ठीचं, असं तिला वाटलं. छापून आल्यावर तिनं आईला दाखवलं होतं. आईनं पान उजेडाकडे धरलं. माझं नाव मुंगीला दिलंस होय? मुंगी नव्हे आई, गांधीलमाशीच्या गोतातली. म्हणजे चावते? डंख मारते. आईनं पान परत दिलं आणि म्हणाली, मग ठीक आहे.

त्याच अंकात, तिच्या लेखाच्या आधी काही पानं, त्याचा लेख होता. तो छापायला गेलाय हे तिला माहीत नव्हतं. पान उलटता उलटता तिला स्वतःचं नाव दिसलं, लॅटिन शेपूट लावलेलं, एका काळ्या पंखवाल्या नरापुढे. नावाचं कारण शेवटी एका ओळीत दिलं होतं: ही प्रजाती माझ्या सहकारी अमुक यांच्या नावे. सहकारी. बायको नव्हे, घरचं माणूस नव्हे, सहकारी. ट्रकही ठरला असणार, आणि हा निरोपाचा गुच्छ. तिनं त्या शब्दाखाली लाल पेनानं रेघ ओढली आणि अंक टेबलाच्या मध्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तो अंक तिथे नव्हता. थोड्या दिवसांनी त्यानं दूरच्या एका शहरात नोकरी धरली, पिकांवरच्या किडी ओळखून शेतकऱ्यांना औषध सांगायची. भांडण झालं नाही, काडीमोड झाला नाही, कोणी कोणाला काही म्हटलंच नाही. आई आली, आणि आतल्या खोलीत टेबलाच्या जागी पलंग आला. टेबल बाहेरच्या खोलीत अगदी आरामात बसलं. तिला तेव्हा ते दिसलंही होतं, पण त्यावर ती थांबली नव्हती.

नवीनं डबी आणली त्या दिवशी तिचं आणखी काही काम झालं नाही. एका विद्यार्थ्याचा लेख तपासायला पडला होता, त्यात त्यानं एकुलत्या एका नमुन्यावरून नवी प्रजाती उभी केली होती, आणि समासात तिनं नेहमीचं वाक्य लिहायला घेतलं: एका नमुन्यावरून ठरवू नये, तो नमुना आजारी असेल, उपाशी असेल, वाईट दिवशी सापडलेला असेल. हे वाक्य ती इतक्या वेळा लिहीत आली होती की हात आपोआप चाले. आज अर्ध्यावर पेन उचललं गेलं. ती उठली, खिडकी उघडली, बंद केली, कपाटांच्या खोलीत जाऊन आली, परत गेली. खरं तर ठरवायचं काय होतं? आईचं नाव ठेवायचं. कोणालाही विचारा. आई घरात आहे, म्हातारी आहे, आणि तो माणूस तीस वर्षांपूर्वी उठून गेला. पण हात लेखातल्या नावाच्या ओळीकडे जात नव्हता, आणि का जात नाही हे तिला उमगत नव्हतं. तिच्या मनात आलं की हा प्रश्न तिला आधीही एकदा पडला होता, आई की तो, आणि तेव्हा तिनं उत्तर दिलंच नव्हतं. न बोलता ते आपोआप घडलं होतं, आणि आपण काही निवडलं नाही असं ती आजवर समजत आली होती. आता धंद्याचा नियम तिला समोर बसवून विचारत होता. दोघांपैकी एक, लेखी.

घरी जाताना ती एक थांबा आधीच उतरली आणि चालत सुटली. फुटपाथ उकरून ठेवला होता, पाइपांच्या ढिगाला वळसा घालावा लागत होता, दुकानांच्या पाट्यांवर माणसांची नावं होती: अमुक आणि मुलगे, तमुक बंधू. एवढी नावं लोक कशाकशावर लावून ठेवतात, आणि उद्या दुकान विकलं की रंगाच्या एका हातानं सगळं साफ. तिला एकदम त्या काळ्या नराविषयी माया वाटली, आणि लगेच स्वतःचाच राग आला. या वयात हे काय. कोणी पाहिलं तर काय म्हणेल, आणि कोण पाहतंय म्हणा.

आई खिडकीशी बसून मटार सोलत होती. ती मटार सोलताना अर्धे खात असे आणि मग मटार हल्ली कमी भरतात म्हणून कुरकुरत असे. टाचणीबाई चप्पल न काढताच समोर बसली आणि तिनं सांगून टाकलं: ती दोन नावं होती ना, ती एकाच किड्याची निघाली, नर आणि मादी, आता त्यातलं एकच ठेवायचंय. आईनं विचारलं, दुसरं कोणाचं? माझं, ती म्हणाली. ते कोणी दिलेलं? त्यानं. आईनं एक शेंग फोडली, आतले दाणे मोजल्यासारखे बघितले आणि तोंडात टाकले.

"मला विचारू नकोस," ती म्हणाली. "मी म्हणेन तुझं ठेव, आणि मग तू माझं ठेवशील. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

"तसं नाही आई."

"तसंच आहे. त्याला विचार."

"तो काय बोलणार? तो कधी बोललाय?"

"तू कधी विचारलंस?" आई म्हणाली, आणि टोपली तिच्याकडे सरकवली. "सोल आता. डोळे दुखतात माझे."

ती सोलत बसली. आईच्या शेवटच्या प्रश्नात काही खोच नव्हती. आई खोचक बोलली की आवाज चढत असे, हा प्रश्न साधा होता, वेळ विचारावी तसा. त्यामुळे तो अधिकच टोचत राहिला. रात्रभर ती कूस बदलत राहिली. पलीकडच्या खोलीत आई घोरत होती, गेली तीस वर्षं घोरत होती तशीच, आणि तिच्या घोरण्याच्या सोबतीनं हे घर भरलेलं होतं; आईला आणल्याचा पश्चात्ताप तिला एक दिवसही झाला नव्हता, आणि तरीही काहीतरी सारखं जागेवरून हललेलं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत विभाग रिकामा असताना, तिनं फोन लावला. नंबर मिळवायला काही कष्ट पडले नाहीत, तो त्याच्या खात्याच्या पत्रकावरच छापलेला असायचा. कोणत्या पिकावर काय पडलंय, असं त्यानं सुरुवातीलाच विचारलं, सवयीनं. तिनं आपलं नाव सांगितलं. पलीकडे खुर्ची करकरली. तिनं प्रस्तावना केली नाही, जोडी सापडल्याचं सांगितलं, आणि तो हसायला लागला. खूप वेळ हसला, अगदी पूर्वीसारखा, शेवटी खोकला येईपर्यंत. "म्हणजे एकाच टेबलावर," तो म्हणत होता, "एकाच टेबलावर दोघं बसलेलो, आणि पुठ्ठे मध्ये आणले असते तर..." मग कशी सापडली, असं त्यानं विचारलं. उडताना, ती म्हणाली, त्यानं तिला उचललेलं होतं. मग तिनं निवडीचं सांगितलं.

"आईंचं ठेव," तो लगेच म्हणाला. "विचारायचं काय त्यात?"

"तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं."

"का? आईंबद्दल मी काय वाईट बोललो होतो?"

तिनं ते वाक्य त्याला ऐकवलं. एक अक्षर इकडचं तिकडे न करता. इतकी वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं.

"हो," तो म्हणाला. "मावणार कसे, तेच विचारत होतो. नंतर टेप घेऊन मोजलंही सगळं. टेबल बाहेर नेलं तर आत पलंग बसत होता, वर खुर्चीही राहत होती. तू बोलशील तेव्हा सांगू म्हटलं. तू बोललीच नाहीस."

"मग तू बोलायचंस."

"बोललो की. छापून बोललो. तुझं नाव दिलं." त्याची खुर्ची पुन्हा करकरली. "बायको असं लिहिलं होतं आधी. संपादकानं बदललं, बरं दिसत नाही म्हणाला. तू त्या 'सहकारी'खाली लाल रेघ ओढून ठेवलीस. मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मग त्यानं आईंची तब्येत विचारली, गुडघे कसे आहेत विचारलं, दुसऱ्या कोणाचा फोन येतोय असं म्हणाला, आणि येत असेलही. तिनं रिसीव्हर ठेवला.

समोर विद्यार्थ्याचा लेख होता, आणि समासात तिचं अर्धवट वाक्य: एका नमुन्यावरून. तिनं एका वाक्यावरून माणूस बांधला होता. नाव दिलं, खणात ठेवलं, खण लावून टाकला. तो नमुना गाडीतून थकून येत होता, खिडकीबाहेर बघत मनात खोल्या मोजत होता. आणि दुसरा नमुना, टेपवाला, तिच्या डोळ्यांसमोर होता, तोही तिनं त्याच नावाखाली घातला. तिला रडू आलं, आणि बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं म्हणून ते नीट येईना. त्याचाही राग आला. शहाणा, छापून बोलतो म्हणे. घरात सात पावलांवर बायको उभी आणि हा लॅटिनमध्ये बोलतो. दोघंही मेली सारखीच, ती पुटपुटली, आणि हे बोलताना तिला हसू फुटलं, तेही नीट आलं नाही.

मग तिनं लेखाचा तो भाग उघडला. वरची ओळ रिकामी होती. एका प्रजातीचं नाव, पुढे ते देणाऱ्याचं आडनाव, वर्ष. आईनं सांगितलं होतं काय करशील ते. त्यानंही सांगितलं होतं काय कर ते. नवीही मनातून तेच धरून बसली असणार. सगळ्यांच्या मते उत्तर ठरलेलं होतं, आणि तेच लिहिलं तर पुन्हा ती न बोलल्यासारखीच होणार होती. तिनं वर नराचं नाव लिहिलं. स्वतःचं, आणि त्यापुढे त्याचं आडनाव. खाली, थोडं आत सरकवून, बारीक अक्षरांत आईचं नाव, आणि त्यापुढे नाव देणारी म्हणून स्वतःचं. आपण आईचं नाव बुडवलं हे तिला स्पष्ट कळत होतं. जगात ते ज्या एका ठिकाणी वर होतं तिथून तिनंच ते खाली आणलं होतं, आणि आता ते परत वर जाणार नव्हतं. नवीनं पाहिलं तेव्हा तिच्या भुवया उंचावल्या. "हे नक्की ना मॅडम?" टाचणीबाईनं मान डोलावली. नियमात कारण विचारत नाहीत, आणि नवी नियमाची पक्की होती.

त्याच दुपारी तिनं आणखी एक काम केलं, जे खरं म्हणजे नवीही करू शकली असती. दोन मूळ नमुने आता एका खणात हवेत. तिनं डावीकडच्या कपाटातून आपली मादी आणली, टाचणीच्या डोक्याला धरून, श्वास रोखून. उजवीकडे नराचा पुठ्ठ्याचा खोका इवलासा होता, आणि त्यात त्याचे पंख पसरलेले. एवढ्याशा जागेत दोघं मावणार कसे, असं तिच्या मनात आलं आणि ती तिथेच, खण अर्धा ओढलेला, उभी राहिली. मग ती टेबलावरून पट्टी घेऊन आली आणि मोजलं. नर थोडा भिंतीकडे सरकवला तर बसत होतं. तिनं नर सरकवला. मादीची टाचणी शेजारी रोवली, दोन्ही लाल चिठ्ठ्या एकमेकींवर येणार नाहीत अशा बेतानं. वर थोडी जागा उरलीही.

संध्याकाळी आई दिवा न लावता बसली होती. टाचणीबाईनं दिवा लावला, पाणी घेतलं, आणि आज सांगायचं टाळलं तर उद्याही टाळेल हे ओळखून तिथेच उभ्या उभ्या सांगितलं की आईचं नाव खाली गेलं. वर माझं ठेवलंय, ती म्हणाली. म्हणजे त्यानं दिलेलं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत राहिली. तिला लागलं होतं. तिच्या हनुवटीकडे पाहिलं की कळे, आणि टाचणीबाईला जन्मभर त्या हनुवटीची भीती वाटत आली होती. या वेळी ती तोंड मिटून स्वयंपाकघरात गेली नाही. समोर बसली. फोनचं सांगितलं, टेपचं सांगितलं, लाल रेघेचं सांगितलं. आई सगळं ऐकत होती. टेबल बाहेर नेल्यावर आत पलंग आणि खुर्ची बसत होती हे ऐकल्यावर तिनं आतल्या खोलीकडे एकदा बघितलं, जिथे पलंग होता, आणि खुर्चीही होती.

"खाली गेलं म्हणजे पुसलं?" आईनं शेवटी विचारलं.

"नाही. पुसत नाहीत. कायम राहतं, माझ्याखाली."

"आणि तो किडा? डंख मारतो ना अजून?"

"डंख मादीलाच असतो, आई. तुझ्याच नमुन्याला. नराला मुळी नसतोच."

आईची हनुवटी हळूहळू सैल झाली. तिनं हात पुढे केला आणि मुलीला, तिनंच ठेवलेल्या नावानं, पूर्ण, एकही अक्षर न गाळता हाक मारली.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "त्याला फोन लाव. माझे गुडघे कसे आहेत ते मी सांगते त्याला."